वाऱ्याला सातबारा नसतो: पवनचक्की उभी राहण्याआधीची गोष्ट

साताऱ्याहून सज्जनगडाच्या रस्त्याने ठोसेघरला गेलात आणि धबधब्याशी न थांबता तसेच पुढे निघालात, की चाळकेवाडीचं पठार लागतं. जुलैत तिथे छत्री उघडायची नसते. उघडली तर काड्या तेवढ्या हातात राहतात. धुक्यातून पात्यांचा घुं-घुं आवाज आधी येतो, चक्की मागाहून दिसते. पर्यटक फोटो काढतात आणि बहुतेकांच्या तोंडी दोन प्रश्न असतात. एकीतून किती वीज निघते? आणि ती पलीकडची बंद का आहे?

ही चक्की इथेच का, हे सहसा कुणी विचारत नाही. दोन किलोमीटर अलीकडे का नाही, समोरच्या टेकडीवर का नाही? त्या टेकडीवरही वारा आहेच की. मला विचाराल तर पवनऊर्जेतलं सगळं नाट्य या प्रश्नात आहे.

चक्की उभी करणं हे तसं थोड्या दिवसांचं काम. क्रेन आली आणि वारा पडलेला असला, तर मनोऱ्याचे तुकडे एकावर एक चढतात, वर यंत्रघर बसतं, पाती लागतात आणि आठवड्याभरात गाव मान वर करून बघू लागतं. पण तो आठवडा उजाडण्याआधी तीन ते पाच वर्षं गेलेली असतात. त्या वर्षांत चार गोष्टींची गाठ घालायची असते: वारा, जमीन, रस्ता आणि तार. चारही एका ठिकाणी जुळल्या तर प्रकल्प होतो. तीन जुळून चौथी हुकली तर फाइल कपाटात जाते. चौघांत वारा मला सगळ्यात सरळ वाटतो. तो कुणाकडे सही मागत नाही आणि त्याचे वारस निघत नाहीत.

वारा मोजायचा म्हणजे काय

वाऱ्याचं गणित जरा चकवणारं आहे. वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा दुप्पट होत नाही, आठपट होते, कारण ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. सेकंदाला ६ मीटर वेगाचा वारा आणि ७ मीटर वेगाचा वारा यांतला फरक तुम्हा-आम्हाला अंगावर घेऊन कळणार नाही. ऊर्जेत मात्र जवळजवळ ५९ टक्क्यांचा फरक असतो. म्हणून "इथं लई वारा असतो साहेब" या वाक्यावर कुणी पैसे लावत नाही. लई म्हणजे किती, ते दशांशापर्यंत लागतं.

ही सगळी ऊर्जा पकडताही येत नाही. वारा पात्यांशी पूर्ण अडवला तर मागून येणाऱ्याने जायचं कुठे? काही वारा पलीकडे वाहून गेलाच पाहिजे. आल्बर्ट बेट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १९१९ मध्ये दाखवून दिलं, की कितीही उत्तम यंत्र केलं तरी वाऱ्यातली जास्तीत जास्त ५९.३ टक्के ऊर्जा हाती येईल. प्रत्यक्षातल्या चांगल्या चक्क्या चाळीस-पंचेचाळीस टक्क्यांच्या आसपास असतात.

दुसरी गोष्ट फेऱ्याची. पाती फिरताना आकाशात जेवढं वर्तुळ कापतात, तेवढाच वारा त्यांच्या वाट्याला येतो. साताऱ्याच्या पठारांवर सुरुवातीच्या काळात ३५० किलोवॅटच्या चक्क्या लागल्या. त्यांच्या वर्तुळाचा व्यास सुमारे ३३ मीटर, म्हणजे साधारण साडेआठ गुंठे आकाश. आज लागणाऱ्या ३ मेगावॅटच्या चक्कीचा व्यास १४४ मीटर असतो. ती चार एकर आकाश घेते.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि महाराष्ट्राचा पवननकाशा हिनेच बदलला. जमिनीलगत झाडं, घरं, बांध वाऱ्याचे पाय ओढतात. जसजसं वर जावं तसा तो मोकळा होतो. ५० मीटर उंचीवर जिथे सेकंदाला ५.५ मीटर वारा आहे, तिथे सर्वसाधारण ठोकताळ्याने १४० मीटरवर तो ६.४ च्या आसपास भरतो. घनाचा हिशेब लावला तर ऊर्जा दीडपटीहून जास्त. भारतात पवनवीज १९८६ च्या सुमारास किनाऱ्यावर ५५ किलोवॅटच्या यंत्रांनी सुरू झाली: गुजरातेत ओखा, तमिळनाडूत तुतिकोरिन आणि आपल्याकडे कोकण. मग लोक सह्याद्रीच्या माथ्यावर गेले: पाटण तालुक्यातलं वनकुसवडे, चाळकेवाडी, पलीकडे सांगलीतलं ढालगाव, उत्तरेला धुळ्याच्या साक्री तालुक्यातलं ब्राह्मणवेल, नगरकडे सुप्याजवळचा कवड्या डोंगर. मनोरा बुटका होता, त्यामुळे उरलेली उंची डोंगराकडून उसनी घ्यावी लागायची. आता मनोराच १४० मीटरचा झाल्यावर डोंगराची गरज उरली नाही. ज्या बीड, धाराशिव, लातूरकडे वीस वर्षांपूर्वी कुणी वाऱ्यासाठी ढुंकून पाहिलं नसतं, तिथे आज ज्वारीच्या रानात चक्क्या उभ्या राहत आहेत. वारा तिथे पूर्वीही होता, फक्त आपला हात पोचत नव्हता. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजाने १२० मीटर उंचीवर महाराष्ट्राची क्षमता ९८ गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) आहे, १५० मीटरवर तीच १७३ गिगावॅटच्या पुढे जाते. प्रत्यक्षात राज्यात उभ्या आहेत त्या साधारण ५ गिगावॅट.

नकाशा बघून जागा हेरली की तिथे मास्ट लागतो. मास्ट म्हणजे तारांनी ताणून धरलेला बारीक लोखंडी मनोरा. वेगवेगळ्या उंचीवर त्याला आडवे दांडे असतात आणि दांड्यांच्या टोकाला तीन-तीन वाट्यांचे वेगमापक भिरभिरत असतात. दांडा मुद्दाम लांब ठेवतात, नाहीतर मनोऱ्याचाच आडोसा मापात येतो. एका दांड्यावर दिशा सांगणारं शेपूट. शिवाय तापमान आणि हवेचा दाब, कारण गरम आणि विरळ हवेत दम कमी असतो. हजार-अकराशे मीटर उंचीच्या पठारावर हवा समुद्रकाठापेक्षा दहाएक टक्क्यांनी हलकी भरते. खाली कुलूपबंद पेटी, वीतभर सौर पॅनेल आणि आत एक सिम कार्ड. दर दहा मिनिटांची सरासरी, म्हणजे वर्षाला ५२,५६० नोंदी प्रत्येक मापकाच्या. गावातली पोरं येऊन विचारतात, "काका, आता इथं रेंज येणार का?"

वर्षभराच्या आत हे काम संपवता येत नाही. आपल्याकडे पवनवीजेचा मोठा वाटा जून ते सप्टेंबर या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत निघतो. फेब्रुवारीत मोजलेला वारा आणि जुलैत मोजलेला वारा ही दोन वेगळी गावं आहेत. वर पुन्हा एखादं वर्षच मुळात तगडं किंवा मरगळलेलं असू शकतं, म्हणून त्या वर्षाच्या नोंदी मागच्या वीसेक वर्षांच्या हवामान-नोंदींशी ताडून बघतात.

यातून दोन आकडे निघतात. पी-५० म्हणजे एवढी वीज निघण्याची शक्यता निम्मी-निम्मी. पी-९० म्हणजे दहातल्या नऊ वेळा निदान एवढी तरी निघेलच. प्रवर्तकाला, म्हणजे प्रकल्प उभारणाऱ्याला, पी-५० आवडतो, बँकेला पी-९०. का, ते एका चक्कीच्या जमाखर्चात दिसतं. आकडे गोल धरतो. ३ मेगावॅटच्या चक्कीला २५ कोटी लागले. वर्षभरात ती क्षमतेच्या ३३ टक्के चालली, तर सुमारे ८७ लाख युनिट. युनिटला ३ रुपये ७० पैसे मिळाले, तर ३ कोटी २० लाख. आता खर्च. ७० टक्के कर्ज म्हणजे साडेसतरा कोटी, ९ टक्क्यांनी व्याज दीड कोटीच्या वर. सतरा वर्षांत फेडायचं तर मुद्दल वर्षाला एक कोटी. देखभाल आणि इतर तीस लाख. हाती उरले तीसेक लाख. आता वारा अंदाजापेक्षा कमी निघाला आणि वीज फक्त दहा टक्क्यांनी घटली असं समजा. उत्पन्नातून बत्तीस लाख गेले, म्हणजे उरलेलं सगळं गेलं. मास्टवरचा एखादा वेगमापक गंजून जड फिरत होता किंवा दांडा चुकीच्या बाजूला होता, एवढ्यावरून प्रकल्पाचं दिवाळं निघू शकतं.

चक्क्या जवळजवळ का लावत नाहीत, याचंही उत्तर इथेच आहे. पात्यांमागचा वारा थकलेला आणि घुसळलेला असतो. त्याच्या वाटेत दुसरी चक्की ठेवली तर ती उपाशी राहते आणि हादरेही खाते. म्हणून वाऱ्याच्या दिशेत व्यासाच्या पाच-सात पट आणि आडव्या अंगाने तीन-चार पट अंतर सोडण्याचा रिवाज आहे. कड्याच्या अगदी टोकावर चक्की लावणंही धोक्याचं, कारण कडा चढून येणारा वारा सरळ न लागता खालून वर लागतो.

आणि हो, ती पलीकडची बंद का आहे? सेकंदाला ३ मीटरच्या खाली वारा असला तर चक्की चालत नाही, आणि २०-२५ मीटरच्या वर गेला तर स्वतःला वाचवायला थांबते. नाहीतर बिघडलेली असते. नाहीतर पलीकडे वीज घ्यायलाच जागा नसते.

पातं माझ्या ज्वारीवरनं फिरतंय

जमिनीकडे वळू. धाराशिव जिल्ह्यातल्या एका गावात जमिनीची बोलणी करणाऱ्यांबरोबर मी एकदा गेलो होतो. पारावर बैठक. नकाशा पसरलेला, चहा झालेला, ज्यांच्या रानात चक्की येणार ते तात्या खुशीत. एवढ्यात मागून शेजारचे गृहस्थ पुढे झाले. "साहेब, खांब तात्याच्या रानात हाय, ते ठीक. पण पातं माझ्या ज्वारीवरनं फिरतंय. मग माझं काय?"

सगळे हसले. सोबतचे वकील हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

कारण गृहस्थांचं गणित बिनचूक होतं. एका चक्कीसाठी साधारण एक हेक्टर जागा घेतात, म्हणजे चौकोनी धरली तर शंभर मीटर बाय शंभर मीटर. मध्यावर चक्की ठेवली तर बांध पन्नास मीटरवर येतो. पातं बहात्तर मीटरचं. ते दर फेऱ्याला बावीस मीटर शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊन येणार. वाऱ्याला सातबारा नसतो, पण वारा पकडणाऱ्या पात्याला लागतो. म्हणून आता शहाणे प्रवर्तक त्या वरच्या जागेच्या वापराचाही करार शेजाऱ्याशी करून ठेवतात.

सातबारा बघणं हे या धंद्यातलं सर्वांत चिकाटीचं काम आहे. उताऱ्यावर आजोबांचं नाव, आजोबा जाऊन तीस वर्षं झालेली, वारसनोंद अर्धी, दोन आत्या पुण्यात, एक चुलतभाऊ सुरतेत, आणि वाटणी तोंडी. मोजणीत बांध नकाशाच्या चार मीटर इकडे. इतर हक्कात सोसायटीचा बोजा. जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, असली तर परवानगीशिवाय हस्तांतर नाही. कूळ कायद्याच्या कलम ६३ मुळे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सरळ विकत घेता येत नाही. उद्योगासाठी त्यात वाट आहे, पण ती अटींची. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीला द्यायची तर जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ आडवं येतं, आणि यायलाच हवं. साक्रीसारख्या तालुक्यात वनहक्काचे दावेही असतात. नकाशावर वाऱ्याची सर्वोत्तम जागा सापडते, मग तिथला सातबारा निघतो, आणि चक्की दीडशे मीटर सरकते. "इथेच का" याचं खरं उत्तर निम्म्या वेळा तलाठ्याच्या दप्तरात असतं.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चक्कीखाली जमीन थोडीच जाते. एक हेक्टर आणि रस्त्याची पट्टी सोडून बाकी रान पूर्वीसारखं पेरता येतं. दुखतं ते वेगळीकडे. एजंट आधी येऊन स्वस्तात लिहून घेतात आणि कंपनीला चढ्या भावाने देतात. कुणाला किती मिळाले हे कुणीच कुणाला सांगत नाही, आणि तिथून भावकीत धुसफूस सुरू होते. भाडेपट्टा असेल तर माझ्या मते तीन गोष्टी कागदावर नीट पाहाव्यात. दरवर्षी भाडं किती वाढणार. पीक उभं असताना क्रेन आत घातली तर भरपाई कोण आणि किती देणार. आणि तिसरी, जी जवळजवळ सगळे विसरतात: पंचवीस-तीस वर्षांनी चक्की उतरवल्यावर जमिनीतला काँक्रीटचा गठ्ठा कोण काढणार.

एवढा पैसा एखाद्या तालुक्यात अचानक उतरला की त्याच्या वासाने कोण-कोण येतं, हेही आपण पाहिलं आहे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली. पवनऊर्जा प्रकल्पाकडे मागितलेल्या खंडणीच्या आड ते आले, म्हणून हे घडलं, असा त्या प्रकरणातला आरोप आहे. प्रकल्प-अहवालांत जोखमीच्या तक्त्यात वारा असतो, व्याजदर असतो. हा रकाना नसतो.

सरडा, ससाणा आणि ढग

परवानग्यांची यादी लांब आहे, पण त्यातल्या बऱ्याच रुटीन आहेत. पातं उभं असताना टोक २१२ मीटरवर जातं, म्हणून विमानतळ प्राधिकरण आणि संरक्षण खात्याचा ना-हरकत दाखला लागतो. केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रस्ता, रेल्वे, इमारती, उच्चदाब वाहिनी यांच्यापासून मनोऱ्याची उंची, अधिक अर्धा व्यास, अधिक पाच मीटर एवढं अंतर ठेवायचं. साधा विचार आहे: पडली तरी त्यावर पडू नये. वस्तीपासून आवाजासाठी ५०० मीटर.

पर्यावरण परवानगी मात्र लागत नाही, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटतं. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेच्या यादीत पवनऊर्जा नाही, आणि प्रदूषणाच्या वर्गवारीत ती सर्वांत निरुपद्रवी अशा पांढऱ्या गटात आहे. वनजमीन असेल तर वन कायदा लागू होतो, एरवी मोकळं रान. धुराड्याच्या दृष्टीने पांढरा गट बरोबर आहे. पठाराच्या दृष्टीने मला तो अपुरा वाटतो, आणि त्याला कारण चाळकेवाडीच आहे.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी याच पठारावर अभ्यास केला आणि तो २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. चक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी, म्हणजे ससाणे-घारींसारखे, चक्क्या नसलेल्या भागाच्या तुलनेत जेमतेम पाव होते. शिकारी उरले नाहीत म्हणून सरडे वाढले. तेवढ्यावर थांबलं नाही. त्या सरड्यांच्या रक्तातला तणावाचा संप्रेरकही कमी आढळला आणि माणूस अगदी जवळ आल्याशिवाय ते पळेनात. गळ्याखाली निळा-काळा-नारिंगी पंखा उघडणारा हा सरडा २०१६ मध्ये शास्त्रीयदृष्ट्या वेगळी जात म्हणून नोंदला गेला, आणि त्याच्या प्रजातीचं नाव काय ठेवलं? सारडा. आपल्या मराठी शब्दावरून. एका यंत्राने ससाणा हलवला आणि सरड्याचा स्वभाव बदलला. वीज मोजताना हे कुठल्याच मीटरवर येत नाही. म्हणून चक्की नकोच, असं मी म्हणणार नाही. पण अशा पठारावर जाण्याआधी वर्षभर पक्षी मोजावेत, जसा वारा मोजतो तसे, हे मागणं फार नाही.

उलट एक आक्षेप असा आहे, जो मी अनेकदा ऐकला पण पटवून घेऊ शकलो नाही. २००० नंतरच्या दुष्काळी वर्षांत सातारा-सांगलीकडे आणि धुळ्याकडे लोक म्हणू लागले, की पवनचक्क्या ढग पळवतात म्हणून पाऊस पडत नाही. चिडणं समजण्यासारखं होतं. विहीर कोरडी आणि समोर कुणाचीतरी चक्की मजेत फिरतेय. पण मोसमी वाऱ्याचा थर काही किलोमीटर जाडीचा असतो, आणि त्या वेळच्या चक्क्यांचं टोक शंभर मीटरलाही मुश्किलीने पोचायचं. उसाच्या शेतातून कुत्रं पळालं म्हणून पाटाचं पाणी वळत नाही.

सत्तर मीटरचं पातं आणि घाटातलं वळण

पातं दोन तुकड्यांत करून नेता येतं का? क्वचित. सहसा ते अखंड येतं. सत्तर मीटरचं पातं घेऊन ट्रेलर निघतो तेव्हा त्याच्या पुढे एक गाडी असते, मागे एक, आणि बांबू घेतलेली माणसं विजेच्या तारा वर उचलत चालतात. त्याआधी दोन-तीन महिने एक माणूस तो सगळा रस्ता मोजून गेलेला असतो: कुठल्या चौकातला दुभाजक काढायचा, कुठला मोरीपूल ओझं पेलणार नाही, कुठल्या गावातल्या कमानीखालून मनोऱ्याचा तुकडा जाणार नाही. मराठवाड्यात सपाट रस्ते आहेत, म्हणूनही प्रकल्प तिकडे सरकले. सज्जनगड-ठोसेघर रस्त्याचं एक-एक वळण आठवा आणि त्यात सात एसटी एकामागे एक जोडून वळवून पाहा.

मग पाया. वीसेक मीटर व्यासाचा, तीन मीटर खोल खड्डा, त्यात सळ्यांचं जाळं आणि मधोमध बोल्टांचा पिंजरा. पाचशे-सहाशे घनमीटर काँक्रीट एका दमात ओतायचं, सांधा चालत नाही. सहा घनमीटरच्या मिक्सर गाडीने शंभरेक फेऱ्या, एका रात्रीत. मध्येच प्लँट बंद पडला तर झोप उडते ती ठेकेदाराची. मराठवाड्यात काळी माती ही वेगळी डोकेदुखी आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून तिच्यावर विसंबता येत नाही; मुरूम, खडक लागेपर्यंत खाली जावं लागतं.

तार कुठे संपते

चक्कीतून निघालेली वीज खालच्या रोहित्रात (ट्रान्सफॉर्मरमध्ये) ३३ केव्हीला, म्हणजे किलोव्होल्टला, चढते, शेतांवरून खांबांनी एका ठिकाणी गोळा होते, तिथून २२० केव्हीला चढून मोठ्या उपकेंद्रात जाते. ते उपकेंद्र किती लांब, आणि त्यात जागा आहे का, यावर प्रकल्प जगतो की मरतो हे ठरतं. धाराशिव जिल्ह्यात कळंबला आंतरराज्य जाळ्याचं ४००/२२० केव्हीचं उपकेंद्र झालं आणि आसपासच्या तालुक्यांत जमिनीची विचारपूस वाढली, हा योगायोग नाही. वाऱ्याचा नकाशा आणि उपकेंद्रांचा नकाशा एकावर एक ठेवा. जिथे दोन्ही गडद, तिथे एजंटांच्या गाड्या दिसतील.

वीज कुणाला विकायची? पूर्वी राज्याचा वीज नियामक आयोग दर ठरवून द्यायचा, वाऱ्याच्या प्रतीप्रमाणे वेगवेगळा. फेब्रुवारी २०१७ मध्ये देशात पहिला पवन-लिलाव झाला (जो कमीत कमी दर सांगेल त्याला प्रकल्प), दर ३ रुपये ४६ पैशांवर आला, आणि त्याच वर्षाअखेर गुजरातेत २ रुपये ४३ पैशांपर्यंत घसरला. त्या भावात घेतलेले बरेच प्रकल्प पुढे रखडले, आणि वरचा जमाखर्च पाहिलात तर का ते कळेल. आता लिलावाबरोबरच थेट कारखान्यांना वीज देण्याकडे कल आहे, कारण महाराष्ट्रात उद्योगांचा वीजदर चढा आहे. सोबत सौरही जोडतात. पावसाळ्यात ऊन कमी असतं तेव्हा वारा भरात असतो, आणि संध्याकाळी सौर मावळलं तरी चक्की चालू राहते.

एक कटकट मात्र रोजची. उद्या दिवसभर प्रत्येक पंधरा मिनिटाला किती वीज देणार, असे ९६ आकडे आधी कळवावे लागतात. चुकलात तर दंड. वाऱ्याचं वेळापत्रक आधी देणं म्हणजे शाळकरी पोराने पुढच्या आठवड्यातल्या खोड्या आज लिहून देण्यासारखं आहे.

परत पठारावर

सगळ्यात चांगला वारा अजूनही सह्याद्रीच्या माथ्यावरच आहे, आणि तिथेच सगळ्यात लहान, जुनी यंत्रं उभी आहेत. याला करसवलत कारण झाली. नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा (म्हणजे तेवढी रक्कम नफ्यातून वजा होऊन कर वाचायचा), नंतर ८० टक्के. २०१२ मध्ये तो गेला, २०१४ मध्ये परत आला, २०१७ पासून ४० टक्क्यांवर आहे. त्या काळात कापड, औषधं, बांधकाम, कशातही नफा झालेला माणूस एखाद-दोन चक्क्या घ्यायचा. पुरा घसारा हवा तर सप्टेंबरअखेर, निम्मा चालेल तर ३१ मार्चच्या आत चक्की लागली पाहिजे, एवढाच आग्रह. ती किती फिरते हे बघायला पठारावर यायचं कारण नव्हतं. तुलसी तंती यांनी १९९५ मध्ये सुझलॉन सुरू केली, तीही स्वतःच्या कापड गिरणीचं वीजबिल परवडेना म्हणून चक्क्या घेतल्यावर. पुढे त्यांनी जमीन, परवानग्या, उभारणी, देखभाल सगळं एकत्र करून द्यायचा धंदा उभा केला, आणि वनकुसवड्याचं पठार भरलं.

आता या चक्क्या काढून नव्या लावाव्यात, असं सरकारचंही म्हणणं आहे. २०२३ च्या धोरणात २ मेगावॅटच्या खालच्या चक्क्यांसाठी तशी सोय केली आहे. कागदावर हिशेब झकास आहे. रांगेतल्या चार-पाच जुन्या काढल्या की एका नव्या मोठ्या चक्कीला पुरेसं आकाश मोकळं होतं, क्षमता दुपटीच्या आसपास जाते आणि वीज त्याहून जास्त वाढते. प्रत्यक्षात घाटातलं वळण सत्तर मीटरच्या पात्याला वळू देत नाही. पातं उभं धरून नेणारी वाहनं असतात, पण ती त्या वाऱ्यात त्या रस्त्याने नेण्याची कल्पना करवत नाही. आणि समजा रस्ता झालाच, तर त्या चार-पाच चक्क्यांचे मालक चार-पाच वेगळे आहेत. एक मुंबईत, एक कोइमतूरला, एकाची कंपनीच विकली गेलेली, आणि एकाच्या पश्चात दोन मुलांचा वाद कोर्टात चालू. चक्कीखालच्या एक हेक्टरावर अजून वडिलांचं नाव आहे.